मान्यवर, इतर मान्यवर आणि आदी

माणसाची गावातली पत त्याच्या बँकेच्या पासबुकावरून कळते, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी कार्यक्रमपत्रिका छापलेली नसते. आपलं नाव पत्रिकेत कितव्या ओळीत आलं, केवढ्या टायपात आलं आणि कुणाच्या खाली आलं, हे पाहिल्याशिवाय आमच्या गावात कुणी पत्रिकेतली तारीखसुद्धा वाचत नाही.

मी तालुक्याच्या गावातला मास्तर. आवाज खणखणीत, मानधन मागत नाही आणि चार शेर पाठ आहेत, एवढ्या भांडवलावर गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. वाचनालयाचा वर्धापनदिन, पतसंस्थेची नवी शाखा, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाची एकसष्टी, कुणाची पंचाहत्तरी, माइक माझ्याच हातात. व्यासपीठावर ज्याला खुर्ची नसते असा सूत्रसंचालक हा एकटाच. तो कडेला उभा असतो. पण कुणाला आधी 'सन्माननीय' म्हणायचं आणि कुणाला नुसतंच 'श्री.' म्हणून सोडायचं हे त्याच्या तोंडी असतं, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री गावातली मोठमोठी माणसं त्याला फोन करून तब्येतीची चौकशी करतात.

यंदा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पुण्याहून एक नामवंत लेखक साने गुरुजींवर बोलायला येणार होते. आमचं वाचनालय 'ब' वर्गातलं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान. म्हणजे पुस्तकांच्या कपाटांनासुद्धा आपण पायरी नेमून दिलेली आहे, माणसांचं काय घेऊन बसलात! तर कार्यकारिणीच्या बैठकीत पुस्तकखरेदी, छपराची गळती आणि थकलेली वर्गणी हे विषय चहा येईपर्यंत आटोपले. पत्रिकेचा विषय निघाला तसे सगळे सावरून बसले, आणि रात्रीचे साडेदहा वाजले.

आमदारसाहेब येणार म्हटल्यावर ते उद्घाटक. ते उद्घाटक म्हटल्यावर बाजार समितीचे सभापती अध्यक्ष, कारण दोघांचं पटत नाही आणि अध्यक्ष शेवटी बोलतो; त्यामुळे उत्तर द्यायची सोय राहते. नगराध्यक्षाबाई? प्रमुख उपस्थिती. कारखान्याचे संचालक? विशेष उपस्थिती. पतसंस्थेचे चेअरमन, ज्यांनी मंडपाचे पैसे दिलेत? सन्माननीय उपस्थिती. आणि माजी नगराध्यक्ष? इथे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांना 'मार्गदर्शक' करायचं ठरलं. ज्यांचं आता कुणी ऐकत नाही त्यांना आपल्याकडे मार्गदर्शक करतात.

ज्यांच्या व्याख्यानासाठी हा सगळा घाट, ते लेखक बऱ्याच खालच्या ओळीत 'व्याख्याते' म्हणून सापडले. "त्यांना बोलायला मिळतंय ना? मग नाव कशाला मोठं पाहिजे?" असा मुद्दा एका संचालकांनी मांडला आणि तो बिनतोड होता.

त्यानंतर निमंत्रक, स्वागतोत्सुक, संयोजक आणि सगळ्यांत शेवटी विनीत. सगळ्यांत जास्त भांडणं या 'विनीत'खाली होतात. मागे एकदा आपलं नाव विनीतांमध्ये दुसऱ्या नंबरवर टाकलं म्हणून एक गृहस्थ दोन महिने कुणाशी बोलत नव्हते. कुणीतरी तोडगा काढला, की नावं अकारविल्हे छापा, भांडणच नको. सूचना करणाऱ्याचं आडनाव 'अ'वरून सुरू होतं हे ध्यानात आल्यावर ती एकमताने फेटाळण्यात आली.

हे फक्त आमच्याच गावात चालतं असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. भारत सरकारने २६ जुलै १९७९ रोजी मानक्रमाची रीतसर यादीच जाहीर केली आहे. राष्ट्रपती पहिले, उपराष्ट्रपती दुसरे, पंतप्रधान तिसरे. मुख्यमंत्री आपल्या राज्यात सातवे, पण राज्याची हद्द ओलांडली की आठवे. भारतरत्न मिळालेल्यांना बसवायला जागा हवी म्हणून 'सात अ' असा एक नंबर आहे. आमच्या मंडपात ऐनवेळी दोन सोफ्यांच्या मधे खुर्ची घुसवतात, त्यातलाच हा प्रकार. खासदार एकविसावे. हा क्रम सरकारी समारंभांपुरता आहे, रोजच्या कारभाराला लागू नाही, असंही त्या यादीत स्पष्ट म्हटलंय. ही तळटीप दिल्लीहून निघाली ती वाटेत कुठेतरी राहिली. शिवाय बाजार समितीचे सभापती आणि कारखान्याचे संचालक यांच्यात मोठं कोण, हा जो खरा प्रश्न, त्यावर सरकारने मौन पाळलं आहे.

यात इतिहासाचाही हात आहे. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत, जसवंतसिंहाच्या मागे उभं केलं, आणि महाराज भर दरबारात संतापले. हा प्रसंग आमच्याकडे प्रत्येकाने चौथीत वाचलेला असतो. त्याचा परिणाम असा, की कुणालाही दुसऱ्या रांगेतली खुर्ची दाखवली की त्याला आग्रा आठवतो. महाराज तिथून निसटले आणि पुढे त्यांनी काय केलं ते जगाला ठाऊक आहे. आमचे मान्यवर फुरंगटून मंडपाच्या दारापर्यंतच जातात आणि कुणीतरी समजूत काढायला येईपर्यंत चपला शोधत राहतात.

पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे कुणाचा गणपती, यावर १८९४ साली वाद झाला तेव्हा लोकमान्य टिळकांनी निवाडा दिला: कसबा गणपती ग्रामदैवत, तो पहिला, मग तांबडी जोगेश्वरी. तो क्रम आजही चालतो. त्यांच्या मागे गुरुजी तालीम आणि तुळशीबाग. खुद्द टिळकांच्या केसरीवाड्याचा गणपती मानाच्या पाचांत पाचवा आहे. निवाडा देणाऱ्याचा गणपती शेवटी, ही गोष्ट मी आमच्या कार्यकारिणीत एकदा सांगून पाहिली. "म्हणून तर ते लोकमान्य झाले," असं उत्तर आलं, आणि विषय पुन्हा टायपाच्या आकारावर गेला.

एक मार्ग मला वारीत दिसतो. वारकरी एकमेकांना माउली म्हणतात, वयाचा विचार न करता एकमेकांच्या पाया पडतात. पण म्हणून तिथे क्रम नसतो असं नाही. माउलींच्या रथापुढच्या २७ दिंड्यांचे नंबर ठरलेले आणि कुणी आपला नंबर सोडत नाही. मात्र गाऱ्हाण्याची पद्धत फार शहाणी आहे. मुक्कामाला पालखी पोचली की समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मिटवतात, मग आरती. आमच्याकडे तक्रार असलेला माणूस टाळ वाजवत नाही. तो चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीचं पुढे सांगतो.

पत्रिकेत वेळ होती 'सायंकाळी ठीक ५ वाजता'. 'ठीक' म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या हुद्द्यावर असतं. पाचला येतो त्याला सतरंजी धरायला लावतात. साडेपाचला येतो तो श्रोता. सहाला संचालक मंडळ. त्यानंतर खरी लढत. साडेसहाच्या सुमारास मला सभापतींच्या ड्रायव्हरचा फोन: "आमदारसाहेब आले का हो सर?" म्हटलं, नाही. फोन बंद. दोन मिनिटांत आमदारांच्या पीएचा फोन: "सभापती पोचले का?" दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एक पेट्रोल पंपापाशी आणि दुसरी रसवंतीपाशी उभी असल्याचं नंतर कळलं. मधे फार तर अर्धा किलोमीटर. शेवटी सभापतींना भूक लागली म्हणून ते आधी आले.

मंडपातल्या बैठकीकडे जरा निरखून पाहा. व्यासपीठाच्या मधोमध लाल मखमलीची, सोनेरी नक्षीची, सिंहाच्या पायांची खुर्ची. ही मंडपवाला लग्नात नवरदेवाला देतो तीच. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरा टॉवेल पाठीवर टाकलेले सोफे. मग गादीच्या खुर्च्या. मग पांढरं कापड चढवून मागे रिबन बांधलेल्या प्लॅस्टिकच्या. व्यासपीठाच्या खाली पहिल्या रांगेत पुन्हा सोफे, त्यामागे हाताच्या खुर्च्या, त्यामागे बिनहाताच्या, आणि त्याच्याही पुढे, अगदी व्यासपीठाच्या पायाशी, सतरंजी. तिथे शाळेची पोरं. ती चारपासून बसलेली असतात.

खुर्ची माणसाला काय करते ते मी कडेला उभा राहून फार जवळून बघत आलोय. पतसंस्थेचे चेअरमन सकाळी टपरीवर सिमेंटच्या पोत्यावर बसून बशीत चहा ओततात, पाठीत थाप मारून "काय मास्तर!" म्हणतात. संध्याकाळी तेच गृहस्थ सोफ्यावर बसले की त्यांची मान सावकाश वळायला लागते. नमस्कार केला तर ते डोळे मिटून स्वीकारतात. आणि हा बदल व्हायला सोफ्यावर बसण्याएवढाच वेळ लागतो. कोण खुर्चीचा किती भाग वापरतो यावरूनही मी आता अंदाज बांधू शकतो. आमदार पूर्ण टेकून, एक हात शेजारच्या सोफ्याच्या पाठीवर. संचालक टेकून, पण हात मांडीवर. मुख्याध्यापक खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर, केव्हाही उठता येईल असे. तासिका तत्त्वावरचा शिक्षक खांबाला टेकून. तेच मुख्याध्यापक वर्गात आले की पोरं थरथरतात. इथे संस्थेच्या अध्यक्षांनी नुसतं मागे वळून पाहिलं तरी ते अर्धे उठतात.

व्यासपीठावरची माणसं तोंडावर हात धरून एकमेकांच्या कानात बोलतात. खाली बसलेल्यांना वाटतं, तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न चाललाय. मला ऐकू येतं. "तो पंखा जरा इकडे फिरवायला सांगा" आणि "जेवण कुठे ठेवलंय?" याखेरीज फारसं महत्त्वाचं काही मी अजून ऐकलेलं नाही.

सतरंजीवरच्या पोरांकडे बघून मात्र कधीकधी माझी गंमत विरते. कुणी कुठे बसायचं हा विषय आपल्याकडे नेहमीच हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. वर्गातल्या इतर मुलांत आपल्या नंबराप्रमाणे बसायची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळं गोणपाट. आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. त्यांनी स्वतःच आठवणींत हे लिहून ठेवलंय. ७ नोव्हेंबर आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमच्या शाळेतही पाळतात. पाहुणे सोफ्यावर बसतात, विद्यार्थी खाली बसतात, आणि सोफ्यावरून समतेवर चाळीस मिनिटं भाषण होतं. सूत्रसंचालन अर्थात माझं.

असो. दीपप्रज्वलनाकडे येऊ.

समईला वाती पाच आणि व्यासपीठावर मान्यवर नऊ, हा हिशेब कुठल्याच कार्यक्रमात जुळत नाही. मेणबत्ती एक. ती आमदारांच्या हातात. मग उरलेल्यांनी काय करायचं? पूजेला बसलेल्या यजमानाच्या हाताला त्याची बायको हात लावते आणि तिलाही अर्धं पुण्य मिळतं, ही सोय इथे कामाला येते. सभापती आमदारांच्या मनगटाला हात लावतात. मनात नसलं तरी लावतात, कारण समोर फोटोग्राफर असतो. संचालक सभापतींच्या कोपराला. चेअरमन संचालकांच्या दंडाला. शेवटी शेवटी तर नुसतं पुढच्याच्या शर्टाची बाही धरून दीपप्रज्वलन होतं. यंदा व्याख्याते सगळ्यांत मागे होते. त्यांनी माजी नगराध्यक्षांच्या शालीचं टोक धरलं होतं. पंखा चालू असल्यामुळे वात पेटत नव्हती आणि नऊ माणसं एकमेकांना धरून वाकलेली, हसऱ्या चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघत ताटकळली. शेवटी वाचनालयाचे शिपाई, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं, त्यांनी पंखा बंद केला. वातींच्या टोकाला त्यांनी आधीच कापूर लावून ठेवला होता, म्हणून निभावलं. त्यांचा हात कुठल्याच फोटोत आला नाही.

मग स्वागत. यातही प्रतवारी आहे. सर्वांत वरच्यांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. त्यांच्या खालच्यांना शाल आणि श्रीफळ. मग नुसता पुष्पगुच्छ. मग गुलाबाचं एक फूल. फुलं संपली की उरलेल्यांचं स्वागत मी 'शब्दसुमनांनी' करतो. शब्दसुमनं कधी कमी पडत नाहीत आणि त्यांचं बिल येत नाही. शालींतही जाड कुणाला आणि पातळ कुणाला हे मामांना ठाऊक असतं. तबकात त्या त्याच क्रमाने रचलेल्या असतात. त्यातल्या काही शाली गावात बरीच वर्षं फिरताहेत. एक मरून रंगाची आहे, तिच्या कडेला चहाचा डाग. ती माझ्यासमोर मुख्याध्यापकांना मिळाली, त्यांनी पुढे एका निवृत्त तलाठ्यांना दिली, आणि यंदा ती पुण्याच्या लेखकांच्या खांद्यावर पडली. आता ती गावाबाहेर गेली याचं मला जरा वाईटच वाटलं.

स्वागत चालू असतानाच चिठ्ठ्या यायला लागतात. वहीच्या कागदाची चार घड्या केलेली चिठ्ठी, हातोहात, पुढे सरकत येते. 'अमुक अमुक उपस्थित आहेत, नाव घ्यावे.' नाव घेतलं नाही तर तीच माणसं पुढच्या चिठ्ठीवर स्वतःच्या नावाखाली दोन रेघा मारतात. एकदा एका चिठ्ठीत फक्त 'मी आलो आहे' एवढंच लिहिलेलं होतं. खाली सही नव्हती. आपल्याला ओळखत नाही असा कुणी गावात असेल ही शंकाच त्या माणसाच्या मनाला शिवलेली नसणार. असा आत्मविश्वास आमदारांकडेही नाही.

औक्षणासाठी नववीच्या चार मुली नऊवारी नेसून, तबक घेऊन तीन वाजल्यापासून उभ्या होत्या. औक्षण झालं, त्यांना व्यासपीठावरून खाली उतरायची खूण झाली आणि त्या उतरल्या. बायकांना आपल्या कार्यक्रमात वर यायला मिळतं ते बहुधा कुंकू लावण्यापुरतं. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, त्यामुळे नगराध्यक्षाबाईंना मात्र खाली उतरवता येत नाही. त्यावरही तोड निघालीय. बाईंच्या शेजारी त्यांचे यजमान बसतात. शाल बाईंना, निवेदनं यजमानांना. लोक हाक मारताना "नगराध्यक्ष साहेब" म्हणतात आणि मान यजमानांची वळते. यंदा मला चिठ्ठी आली: 'वेळेअभावी नगराध्यक्षांच्या वतीने त्यांचे पती मनोगत व्यक्त करतील.' मी चिठ्ठी बाईंच्याच हातात दिली. त्यांनी वाचली, घडी करून पर्समध्ये टाकली, उठल्या, आणि गटारीच्या टेंडरवर वीस मिनिटं बोलल्या. आकड्यांसकट. वाचनालयाचा त्यात संबंध नव्हता, पण मंडपात इतकी शांतता त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या भाषणाला नव्हती. यजमान पहिली पाच मिनिटं कौतुकाने हसत होते. मग त्यांनी मला खुणेने विचारलं, चहा कुठे आहे?

विनोदाचंही असंच. हसू येण्यासाठी विनोद लागतो हा समज व्यासपीठाजवळ उभं राहिलं की गळून पडतो. आमदारांनी 'मी काही फार वाचणारा माणूस नाही, मी माणसं वाचतो' हे वाक्य टाकलं. हे वाक्य त्यांनी मागच्या वर्षीही टाकलं होतं. आधी सोफे हसले, मग हाताच्या खुर्च्या, मग बिनहाताच्या, आणि बऱ्याच वेळाने मागचे उभे लोक हसले, कारण पुढचे हसत होते. ज्या दोघा ठेकेदारांची बिलं अडकली आहेत ते सगळ्यांत शेवटी थांबले. त्यानंतर व्याख्यात्यांनी एक खरोखर झकास किस्सा सांगितला. एकही माणूस हसला नाही. पहिली रांग व्यासपीठाकडे बघत होती, की साहेब हसतात का. आणि साहेब मोबाइलमध्ये होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली, शेजाऱ्याला "काय म्हणाले?" असं विचारलं, शेजाऱ्याने कानात सांगितलं आणि साहेब खदखदून हसले. मग सगळा मंडप हसला. तोवर व्याख्याते श्यामच्या आईच्या शेवटच्या दुखण्यापर्यंत पोचले होते.

थोर्लाइफ शेल्डरुप-एबे नावाचा एक नॉर्वेजियन माणूस होऊन गेला. त्याला लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा नाद होता. पुढे त्याने त्यावर शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि १९२०च्या सुमारास मांडलं, की खुराड्यात कोण कुणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, अशी उतरंड. सगळ्यांत खालची कुणालाच टोचत नाही. एकदा क्रम ठरला की भांडणं कमी होतात, कारण नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरते. इथवर आमच्या कार्यकारिणीतल्या कुणालाही सांगता आलं असतं. पण त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि तिच्यामुळे मला हा माणूस आवडतो. कधीकधी खुराड्यात त्रिकोण होतो. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते आणि तिसरी उलटून पहिलीला टोचते.

आमच्या खुराड्यातली ती तिसरी म्हणजे शिपाई मामा. वाचनालयाचे अध्यक्ष ग्रंथपालबाईंवर खेकसतात. वर्षभर वाचनालय त्याच चालवतात आणि वर्धापनदिनाला त्यांना बसायला खुर्ची उरत नाही. ग्रंथपालबाई मामांवर खेकसतात. आणि मामा अध्यक्षांना घाम फोडतात. कारण ॲम्प्लिफायरचं बटण मामांनाच कळतं, मीटरची खोली त्यांच्याच ताब्यात, कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला. अध्यक्षांचं भाषण रंगात आलं की माइक शिट्टी मारतो. मामांशी अध्यक्षांचं आदल्या दिवशी वाजलेलं असेल तर जास्त मारतो. मी योगायोगच समजतो.

यंदाचा प्रसंग तर सगळ्यांदेखत घडला. सभापतींचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं. आमदारांवर चार टोले बसणार हे ठरलेलं होतं, बसत होते. एवढ्यात आमदारसाहेब चुळबुळायला लागले. पीए धावला, कानात काहीतरी बोलणं झालं, पीए पळत मागे गेला आणि पळत परत आला. वाचनालयाच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली मामांकडे, आणि मामा सतरंजीवरच्या पोरांना बिस्किटांचे पुडे वाटत होते. पीएने त्यांना हात केला. मामांनी हातानेच 'थांबा' म्हटलं. अजून दोन रांगा राहिल्या होत्या. पोलिस बंदोबस्तातल्या हवालदाराने खूण केली. मामांनी तिकडे पाहिलंच नाही. शेवटी साहेब स्वतः व्यासपीठाच्या मागच्या फळीवरून उतरून आले आणि सबंध तालुका ज्या आवाजाला वचकून असतो त्या आवाजात, पण निराळ्याच सुरात म्हणाले, "मामा, जरा किल्ली देता का?"

मामांनी शेवटच्या पोराच्या हातात पुडा ठेवला, कमरेची जुडगी काढली आणि एकेक किल्ली उलटीपालटी करून बघायला लागले. "ही कपाटाची... ही मीटरची... जरा दम धरा साहेब, यातच असल." व्यासपीठावर सभापती म्हणत होते, की सत्ता ही माणसाला नम्र करते. ते कुठल्या अर्थाने म्हणत होते कोण जाणे, पण मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

चहा झाला. व्यासपीठावर कपबशी आणि काजूची बशी, खाली कागदी पेले, आणि मंडपवाल्याच्या पोरांना किटलीत उरलेला. आभारप्रदर्शन झालं. ते कधी कुणी ऐकत नाही, पण त्यात नाव नसलं की सगळ्यांना ऐकू येतं.

खरा निकाल लागतो तो दुसऱ्या दिवशी, पेपरात. बातमी आम्हीच लिहून पाठवायची असते. मजकूर रात्री ग्रंथपालबाईंनी लिहिला, मी तपासला, अध्यक्षांनी नावांचा क्रम चार वेळा बदलला आणि कागद मामांच्या हाती दिला. तालुक्याच्या वार्ताहराकडे सायकलवरून तेच जातात. अक्षर लागलं नाही तर वार्ताहर त्यांनाच विचारतो, आणि जागा कमी असली की कुणाला गाळायचं हेही त्यांनाच विचारतो.

सकाळी सात वाजता अध्यक्षांचा फोन आला. "मास्तर, पेपर बघितला?"

बघितला होता. आमदार होते, सभापती होते, नगराध्यक्षाबाई होत्या. पुण्याच्या लेखकांचं नाव चुकलं होतं. त्यानंतर मंडपवाल्याचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तो मामांचा मेव्हणा. आणि शेवटी 'आदी मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते'.

"पन्नास वर्षं वाचनालयात घालवली मी," अध्यक्ष म्हणाले. "पहिलं नाव नको, दुसरंही नको. पण निदान 'आदी'च्या आधी तरी घ्यायचं होतंत!"

मी म्हटलं, "मामांना विचारून बघतो."

"नको, नको," ते घाईघाईने म्हणाले. "उगाच त्यांना दुखवू नका. महिन्याअखेरीला सर्वसाधारण सभा आहे, माइक लागेल."